पाव वळसा

आमचं चर्च आधी हार्डवेअरचं दुकान होतं.
हवा दमट झाली की भिंतींना अजून खिळ्यांचा वास येतो.
शनिवारी रात्री नऊ वाजता मी एकटा,
हीटर बंद, अंगात कोट,
मांडीवर पालथा घातलेला स्नेअर.

तक्रार अशी :
मी वाजवत नसताना हा वाजतो.
रेव्हरंड पेटिग्रू हळू आवाजात प्रार्थना करू लागले
की याच्या पोटाखालच्या वीस तारा कुजबुजतात.
ऑर्गनने खर्ज धरला की थरथरतात.
गॅरीच्या कारखान्यातून पोलादाची मालगाडी निघाली
तर शेवटचा डबा जाईपर्यंत यांची चर्चा.
खटका पाडून तारा सोडता येतात,
पण तो खटका रेव्हरंडांना त्याहून खुपतो.
"पोरा, याला गप्प बसव," म्हणाले.
पगार नाही, पण पेट्रोलचे पैसे तेच देतात.

दहा स्क्रू वर, दहा खाली.
एक आवळला की थेट समोरचा आवळायचा,
शेजाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही,
नाहीतर कातडं एका अंगाला ओढलं जातं.
कातडं म्हणायचं आपलं, आहे प्लास्टिकच.
पण प्लास्टिक म्हटलं की माझे हात नीट चालत नाहीत.
काठापासून बोटभर आत टिचकी.
टुं. टुं. टं.
हा चढलाय.
अर्धा वळसा मागे, मग हळूहळू पुढे.
वरून उतरवलेला सूर टिकत नाही,
खालून चढवलेला टिकतो,
हे मला वॉल्डोमामाने शिकवलं.
मामा स्वतः वरून उतरलेला,
शिकागोच्या क्लबांमधून इथे,
आणि चांगला चौतीस वर्षं टिकला.

खालचं कातडं कांद्याच्या पापुद्र्याएवढं.
तारांजवळचे चार स्क्रू सैल केले,
एक चिकटपट्टी लावली,
मग रेव्हरंडांचा आवाज काढून म्हटलं, "हे प्रभू."
काही नाही.
खोकलो. टाळी वाजवली. खर्जात हं केलं.
काहीच नाही.
मालगाडी आली, गेली.
इतकं शहाणं बाळ मी आजवर पाहिलं नव्हतं.

रविवारी मौन अगदी हवं तसं झालं.
हीटरमधलं पाणी ऐकू येत होतं.
त्या मौनात, नेहमीसारखं,
तिसऱ्या बाकावर व्हर्लीन टब्ज गुणगुणू लागल्या.
ब्याऐंशी वर्षांच्या. झटका आला तेव्हा शब्द गेले,
सूर तेवढा राहिला.
अर्ध्यात थांबल्या.
पुन्हा तोच सूर लावला, पुन्हा थांबल्या,
दारावर टकटक करून माणूस थांबतो तशा.

उपासना संपली, लोक कॉफीकडे गेले,
आणि त्या काठी टेकत माझ्याकडे आल्या.
वाकल्या. तोंड ढोलाजवळ नेऊन
तोच एक सूर धरला, लांब,
मग माझ्याकडे बघून तळहात उलटा केला :
कुठे गेला?

तीन वर्षं मी या काचेच्या पडद्याआड बसतोय.
मला वाटायचं, तारा मध्ये मध्ये बोलतात.
कोणी हाक मारतंय आणि हा ओ देतोय,
माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

किल्ली घराच्या किल्ल्यांत अडकवलेली असते.
चिकटपट्टी काढली.
पाव वळसा. त्यांनी सूर धरला. नाही.
समोरच्याला पाव वळसा. नाही.
कॉफी संपली, खुर्च्या आवरल्या जाऊ लागल्या,
ऑर्गनवाला एलिस कोट घालून उभा.
अजून पाव, पावाहून थोडा कमी,
आणि तापल्या तव्यावर थेंब पडावा तशी
तारांनी त्यांची री ओढली.
व्हर्लीनबाईंनी मान हलवली,
दुकानदाराने बरोबर सुटे दिल्यावर हलवतात तेवढीच,
आणि काठी शोधू लागल्या.

आज पुन्हा मौन.
रेव्हरंडांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे पाहतो.
मालगाडी अजून बरीच लांब आहे,
आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही.
ढोलाला आलीय.